घेणाऱ्याचे नाव

१२ मे १८७५ हा सुपे गावच्या बाजाराचा दिवस होता. पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील या मोठ्या बाजारपेठेत जमलेल्या शेतकऱ्यांनी त्या दिवशी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. पुढील काही आठवड्यांत हे लोण अहमदनगर जिल्ह्यात पोहोचले आणि पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांतील गावागावांत तोच प्रकार घडला. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने या दंग्यांचे जे वैशिष्ट्य नोंदविले ते मोठे बोलके आहे. लूट झाली नाही असे नाही; परंतु जमावाचा मुख्य रोख कर्जरोखे, हुकूमनामे आणि वह्या यांवर होता. ज्या सावकाराने हे कागद मुकाट्याने स्वाधीन केले, त्याला बहुधा पुढे त्रास झाला नाही. कागदांची होळी झाली आणि लोक आपापल्या घरी गेले.

या सावकारांत मारवाडी व गुजराती व्यापारी बहुसंख्य होते, आणि नगर जिल्ह्यातील अनेक जैन कुटुंबांचे पूर्वज त्याच सुमारास व्यापारानिमित्त या भागात स्थिरावत होते. समाजाच्या स्मरणिकांतून हा विषय सहसा येत नाही. परंतु इतिहास सोयीचा तेवढाच लिहून चालत नाही. दिव्यांगांना साहाय्य करणाऱ्या संस्थांच्या दप्तरांविषयी लिहिताना सुप्यापासून आरंभ करावा लागतो, याचे कारण एवढेच की, आपल्याविषयी दुसऱ्याच्या वहीत काय लिहिले आहे हे ज्याला ठाऊक नसते, त्याच्या मनात त्या वहीविषयी काय भावना असते, ते या जिल्ह्याने एकदा पाहिलेले आहे. कर्जदाराला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याचा अंगठा कागदावर होता. कागदावर काय होते ते मात्र सावकारालाच ठाऊक. सावकार प्रामाणिक असो वा नसो, शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही वह्या सारख्याच अंधाऱ्या होत्या.

त्यानंतर चार वर्षांनी, १८७९ साली, पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करण्यात आला. या कायद्याच्या व्याज व जप्तीविषयक तरतुदींची चर्चा पुष्कळ झालेली आहे. त्यामानाने दुर्लक्षित राहिलेल्या काही तरतुदी येथे अधिक महत्त्वाच्या आहेत. शेतकऱ्याचा करार गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, भरणा केल्यावर पावती मिळावी, आपल्या खात्याचा वार्षिक उतारा मागता यावा आणि नोंदींचे पुस्तक स्वतःजवळ ठेवता यावे, असे हक्क या कायद्याने कर्जदाराला दिले. ज्याच्याविषयी लिहिले जाते त्याला ते पाहण्याचा हक्क आहे, हे तत्त्व नगर जिल्ह्याच्या व्यवहारात अशा रीतीने १८७९ सालीच येऊन गेलेले आहे. पेढीवर ते रुजले. धर्मादाय कार्यात मात्र ते फारसे शिरले नाही, कारण तेथे वही देणाऱ्याची असते आणि घेणाऱ्याने त्याविषयी विचारणे हे कृतघ्नपणाचे समजले जाते.

धर्मादाय आणि सरकारी वहीचा फटका प्रथम सोसला तो कुष्ठरोग्यांनी. १८९८ च्या कायद्यान्वये निर्धन कुष्ठरोग्याला पोलीस वॉरंटाविना पकडू शकत असत, आणि तपासणी अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून त्याची रवानगी आश्रमात होत असे. म्हणजे एका कागदाने माणसाचे घर सुटत असे. हा कायदा संसदेने रद्द केला तो २०१६ साली. घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोगाचा उल्लेख वैयक्तिक कायद्यांतून निघण्यास २०१९ साल उजाडावे लागले. तोपर्यंत औषधाने रोग बरा होऊन कितीतरी वर्षे लोटली होती. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ज्या सात प्रकारांची गणना होती, त्यांत ‘कुष्ठरोगमुक्त’ हा एक प्रकार होता. यातील अडचण सूक्ष्म आहे. सवलत हवी असेल तर दाखला दाखवावा लागे, आणि दाखला दाखविला की ज्या शब्दापासून माणूस कसाबसा सुटला होता तोच शब्द पुन्हा त्याच्या कपाळी लागे. रोग गेला, नोंद राहिली.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, आम्लहल्ल्याने झालेली इजा हे सारे त्यांत आले. व्याप्ती वाढली ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पाय नसणे हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसते, सिकलसेल कोणाला दिसत नाही. ते फक्त अर्जावर दिसते. तो अर्ज कोणाच्या हाती पडला यावर एखाद्या मुलीचे लग्न जमणे-मोडणे अवलंबून असू शकते. ही जबाबदारी साहाय्य शिबिराच्या नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या स्वयंसेवकाच्या ध्यानातही येत नाही.

आता जैन समाजाच्या परंपरेकडे वळू. दानाच्या बाबतीत या समाजाने नावाचा विचार जितका बारकाईने केला आहे तितका क्वचितच कोणी केला असेल. एकीकडे चढावे बोलले जातात, नावे पुकारली जातात, शिलांवर कोरली जातात. दुसरीकडे गुप्तदानाला श्रेष्ठ मानून भंडारात मूठ झाकून टाकली जाते. नाव उघड करावे की झाकावे, ही निवड दात्याची. साधर्मिक भक्तीच्या उत्तम रीतीत तर घेणाऱ्याच्या घरी धान्य कोणी पोहोचविले याचा शेजाऱ्याला पत्ता लागू नये अशी काळजी घेतली जात असे. म्हणजे घेणाऱ्याचे नाव झाकण्याची रीतही परंपरेत होती. शिबिरांच्या काळात ती मागे पडली. आज दात्याला विचारतात, ‘नाव जाहीर करू की गुप्त ठेवू?’ घेणाऱ्याला हा प्रश्न कोणी करीत नाही. त्याचा फोटो निघतो.

श्रावकाच्या दुसऱ्या व्रताचे, म्हणजे सत्याणुव्रताचे, पाच अतिचार प्रतिक्रमण करणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेले असतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातही ते येतात. दोन परंपरांत नामावलीत थोडा फरक आहे. परंतु दोन्हीकडे दोन गोष्टी समान आहेत: खोटा लेख तयार करणे, आणि दुसऱ्याचे गुपित उघड करणे. खोटा दाखला आणि फुटलेले गुपित हे दोन दोष एकाच व्रताखाली ठेवणाऱ्यांची व्यवहारदृष्टी विलक्षण म्हटली पाहिजे. दिव्यांगांच्या दप्तराची अवघी अडचण या दोहोंमध्ये सापडलेली आहे. खोट्याला अडवायचे तर माहिती मागावी लागते. माहिती मागितली की ती फुटण्याची भीती आली. एकच अतिचार टाळण्याच्या नादात दुसरा घडतो, आणि त्याची आलोचना मात्र कोणी करीत नाही.

जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या पार्श्वभूमीवर, १९७५ साली, श्री. डी. आर. मेहता यांनी ही संस्था स्थापन केली. डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी त्यापूर्वीच जयपूर फूट विकसित केलेला होता. संस्थेने आजवर कृत्रिम पाय, कॅलिपर व अन्य साधनांच्या रूपाने २० लाखांहून अधिक व्यक्तींना साहाय्य केले आहे, आणि साधनाचे मूल्य घेतलेले नाही. रुग्णाने आधी वेळ ठरवून यावे अशी अटही तेथे नसते. तो येईल तेव्हा त्याला दाखल करून घेतात. पाय बसवावयाचा तर उरलेल्या अवयवाचे माप लागते, साचा लागतो, वजन व उंची लागते. ही माहिती कामाची आहे. घरात किती माणसे आहेत, जात कोणती, धाकट्या भावाचे उत्पन्न किती, यांतील एकाही उत्तराने पाय अधिक नीट बसत नाही. शिंप्याला माप लागते, गिऱ्हाइकाच्या तिजोरीची किल्ली लागत नाही. कापडाच्या धंद्यातल्या कोणालाही हे सांगावे लागू नये.

मग शिबिराच्या अर्जात इतक्या गोष्टी येतात कोठून? पुष्कळशा सरकारी योजनांतून येतात. साधनवाटपासाठी केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे. तिच्या लाभासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला लागतो. योजनेच्या २०१४ च्या सुधारित नियमांत तर अनुदान घेणाऱ्या संस्थेने लाभार्थ्यांची यादी छायाचित्रांसह संकेतस्थळावर ठेवावी अशी अपेक्षा आली. बोगस लाभार्थी दाखवून अनुदान लाटले जाऊ नये, हा हेतू योग्यच होता. परंतु संस्थांनी त्याचा अर्थ व्यापक घेतला. सरकारी अनुदानाचा एक रुपयाही नसलेल्या, केवळ समाजाच्या देणग्यांवर होणाऱ्या शिबिरांतही आधारकार्डाची छायाप्रत, शिधापत्रिका, मोबाईल क्रमांक आणि व्यंग दिसेल असा फोटो ही यादी छापील अर्जावर कायम झाली. जुना अर्ज पुन्हा छापावयाचा, वर नवीन वर्ष घालावयाचे, ही रीत सर्वत्र आहे.

फोटोच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचे जे नमुने २००९ च्या सुधारित नियमांनी ठरविले, त्यांत छायाचित्राच्या चौकटीत स्पष्ट सूचना आहे: फक्त चेहरा दिसावा. पुढे २०१७ च्या नियमांतही ती कायम राहिली. ज्या कागदाचा उद्देशच व्यंग सिद्ध करणे हा आहे, त्या कागदावरही व्यंगाचे चित्र कायद्याला नको आहे. तपासणी वैद्यकीय मंडळाने करावयाची, कागदावर माणूस माणूस म्हणून दिसावा. याउलट चौकातल्या फ्लेक्सवर आणि संस्थांच्या अहवालांत पाहावे तर चेहरा बाजूला आणि कॅलिपर मध्यभागी असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना देणगीदार उभे असतात.

नगर शहरात दिव्यांगांच्या शिक्षण-पुनर्वसनाचे कार्य करणाऱ्या एका संस्थेने स्वतःचे नावच ‘अनामप्रेम’ असे ठेवलेले आहे. नावात पुष्कळ अर्थ आहे. देणारा अनाम असावा हा तर आहेच, घेणाराही अनाम राहू शकतो असा तो वाचता येतो. याच शहरात १९८९ पासून कार्य करणाऱ्या ‘स्नेहालय’ने एचआयव्हीबाधित मुले व स्त्रिया यांची सेवा केली आहे. त्या क्षेत्रात नावाची गुप्तता हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. बाधित व्यक्तीच्या संमतीविना तिची स्थिती उघड करण्यास त्याने मनाई केली, आणि अशा नोंदी ठेवणाऱ्या संस्थांवर त्या सुरक्षित राखण्याचे बंधन घातले. एका आजाराबाबत समाजाला हे पटले आहे. मतिमंद मुलाबाबत, मनोरुग्णाबाबत, पोलिओ झालेल्याबाबत अजून पटलेले नाही.

अशा स्थितीत २०२४ साल आले. एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या नियुक्तीवरून देशभर वादळ उठले, आणि तिला मिळालेली दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रे नगरच्या जिल्हा रुग्णालयातून दिली गेली होती हे पुढे आल्याने सर्वांच्या नजरा या जिल्ह्याकडे वळल्या. ३१ जुलै २०२४ रोजी लोकसेवा आयोगाने तिची उमेदवारी रद्द केली. न्यायालयीन प्रक्रियेतील बाबींवर येथे भाष्य करण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते त्याचे पडसाद. त्या आठवड्यांत समाजमाध्यमांवर इतर दिव्यांग अधिकाऱ्यांचीही छायाचित्रे व चित्रफिती शोधून काढण्यात आल्या. हा चालतो कसा, ही सायकल चालविते कशी, अशी चौकशी घरबसल्या लोकांनी केली. ज्यांना वैद्यकशास्त्राचा गंध नाही त्यांनी टक्केवारी ठरविली. एका दाखल्याविषयी उठलेल्या शंकेचा भुर्दंड खऱ्या दिव्यांगांना आपली शरीरे चव्हाट्यावर मांडून भरावा लागला. त्याच वर्षी जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले, आणि ऑक्टोबरमध्ये केंद्राने दिव्यांग नियमांत दुरुस्ती केली. वैश्विक ओळखपत्राला, म्हणजे ‘यूडीआयडी’ला, तीन रंग आले: ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ७९ टक्के पिवळा, त्यापुढे निळा. बसमध्ये कार्ड काढले की आकडा वाचण्याचीही गरज नाही, रंगच सांगतो.

पडताळणी नको, असे म्हणता येणार नाही. देणगीदाराचा पैसा योग्य हाती पडला की नाही हे पाहणे विश्वस्तांचे कर्तव्यच आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने हिशेब तपासून घेण्याचे बंधन घातले ते याचसाठी. परंतु व्यापारी हिशेबाची शिस्त ज्याला माहीत आहे त्याला हेही माहीत आहे की, प्रमाणक तपासनिसाला दाखवावयाचे असते, बाजारात वाटावयाचे नसते. ताळेबंद जाहीर होतो, खातेवही नाही. कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती उधारी आहे हे चांगला दुकानदार शेजारच्या दुकानदारालाही सांगत नाही, आणि तरीही त्याचा हिशेब चोख असतो. तीच रीत येथे लावली तर लेखापरीक्षकापुढे प्रत्येक नाव, प्रत्येक सही ठेवता येते आणि समाजापुढे किती पाय, किती चाकाच्या खुर्च्या, किती श्रवणयंत्रे एवढे आकडे. देणगीदाराला कामाची खात्री हवी असते. ती फोटोनेच होते हा समज देणगीदारांपेक्षा कार्यकर्त्यांचा अधिक आहे.

१८७९ मध्ये जे कर्जदाराला मिळाले ते २०२३ मध्ये सर्वांना मिळाले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला होता. त्याच्या पायावर ११ ऑगस्ट २०२३ रोजी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. दुसऱ्याची माहिती बाळगणाऱ्यासाठी या कायद्याने जो इंग्रजी शब्द योजला आहे, त्याचा अर्थ विश्वस्त असाच होतो. ट्रस्टच्या मंडळींना तरी तो परका वाटू नये. आपली कोणती माहिती ठेवली आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा, काम संपल्यावर पुसून घेण्याचा हक्क आता कायद्याने दिला आहे. संमतीचा मजकूर मराठीतही उपलब्ध करावा लागणार आहे. सुरक्षिततेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा कायदा कागदी रजिस्टरला लागू नाही. परंतु त्याच रजिस्टराच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून गटावर टाकला की ती माहिती डिजिटल झाली.

संमती ‘मुक्त’ असावी असे कायदा म्हणतो. खरी मेख येथे आहे. चाकाच्या खुर्चीसाठी सकाळपासून रांगेत बसलेल्या माणसापुढे कागद सरकवून ‘येथे सही करा’ म्हटले, तर तो नकार देईल कसा? सुप्याच्या शेतकऱ्याचा अंगठाही त्याच्या संमतीनेच उमटलेला होता. वस्तू आधी द्यावी, फोटोचे मागाहून विचारावे, आणि नकाराने वस्तू परत जाणार नाही हे तोंडाने सांगावे, यापेक्षा वेगळा उपाय संभवत नाही. दृष्टिहीन व्यक्तीला अर्ज वाचून दाखविला पाहिजे, आणि तोही सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात नव्हे. आधारक्रमांकाची खरोखरच गरज असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत पुरते. ती सोय आधार प्राधिकरणाने केलेली आहे.

या कायद्याचे एक कलम दिव्यांगांच्या संघटनांना खटकले, आणि ते योग्यच होते. ज्या दिव्यांगाला कायदेशीर पालक आहे, त्याच्या माहितीसाठी पालकाची संमती घ्यावी, असे ते कलम आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती असे पालक नेमते. सेरेब्रल पाल्सीचा एखादा तीस वर्षांचा तरुण बोलू शकत नसला तरी त्याची बुद्धी तल्लख असू शकते. त्याचा फोटो छापावा की नाही यावर त्याच्या काकांची सही पुरेशी ठरेल आणि त्याची मान डोलणे वा न डोलणे कोठेच नोंदले जाणार नाही. कायद्याने पालकाची सही मागितली आहे. त्या तरुणाला विचारू नये असे मात्र कोठेही म्हटलेले नाही.

नियमांतील प्रमुख कर्तव्ये अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तोवर संस्थांना जुन्या दप्तरांचा निकाल लावावा लागेल. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. त्यापूर्वीच्या दशकांत पोलिओग्रस्त मुलांसाठी कॅलिपरची जी शिबिरे झाली, त्यांचे अर्ज अनेक ट्रस्टांच्या कपाटांत गठ्ठे बांधून पडलेले आहेत. कोठे वाळवी लागली आहे, कोठे ते रद्दीत गेले. वर्धापनदिन आले, सुवर्णमहोत्सव आले, की ही कपाटे उघडली जातात आणि गौरवअंकांसाठी त्यांतील छायाचित्रे निवडली जातात. त्यांत अर्धी चड्डी वर दुमडून, पाय पुढे करून बसविलेली सात-आठ वर्षांची मुले असतात, आणि खाली पूर्ण नाव व गाव. ती मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांची लग्ने झाली, मुले शिकली, काहींची दुकाने आहेत. त्यांपैकी पुष्कळांचा पत्ता त्याच अर्जावर लिहिलेला असतो, आणि गावही बहुधा बदललेले नसते. पोस्टकार्ड टाकून विचारता येण्यासारखे आहे.